एकनाड असेल तरच पुढे जावे

गेमिंग पीसी स्वतः जमवू इच्छिणाऱ्या नाशिककराने सर्वप्रथम वडिलांना काय सांगायचे ते ठरवावे. पार्टची यादी नंतर. ‘अभ्यासासाठी’ हे कारण आता चालत नाही. सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत सगळ्या पालकांना ते पाठ झाले आहे. ‘व्हिडिओ एडिटिंग’ अजून थोडेफार खपते. सध्या सर्वांत जोरात आहे ते ‘एआय शिकायचंय’. त्यात सोय अशी, की महागडे ग्राफिक्स कार्ड त्याला खरोखरच लागते, त्यामुळे पाप अर्धेच लागते. ‘जीटीए सिक्ससाठी घेतोय’ असे मात्र मित्रांनाही सांगू नये. तो खेळ जाहीर झाला तो प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीचे नाव त्यात नव्हते.

मंजुरी मिळाली की प्रोसेसर आणि मदरबोर्डची पत्रिका पाहायला बसावे. लग्नात दोघांची नाड एक आली की ३६ पैकी एकदम ८ गुण जातात आणि गुरुजी चष्मा काढून खाली ठेवतात. इथे सगळे उलटे. इथे एकनाडच लागते, आणि तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीची नाड एलजीए १७००. त्यानंतर आलेल्या कोअर अल्ट्रा २०० ची १८५१. एएमडीकडे जुनी एएम ४ आणि २०२२ पासूनची एएम ५. या दोषाला शांत नाही. त्र्यंबकेश्वरी पुष्कळ दोषांवर विधी होतात, पण १७०० च्या बोर्डात १८५१ चा प्रोसेसर बसवून देणारा विधी तिथेही कोणी सांगत नाही.

नाड जुळली तरी बोलणी मोडू शकतात. जुन्या बी ४५० बोर्डावर रायझन ५६०० बसतो खरा, पण बायोस जुना असला तर बोर्ड त्याला ओळखच दाखवत नाही. बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करायला बोर्डाच्या ओळखीचा प्रोसेसर आधी बसवावा लागतो. तो असता तर नवीन कशाला घेतला असता, असा प्रश्न दुकानदाराला विचारून पाहावा. तो काही न बोलता आतून एक जुना प्रोसेसर आणतो आणि काम करून देतो. याचे पैसे वेगळे.

आता रॅम. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ दोन्हींना २८८ पिना, लांबीही तीच. मधली खाच तेवढी किंचित सरकवलेली. ‘जरा दाबून बघ, बसेल’ या आपल्या राष्ट्रीय वृत्तीचा अभ्यास करूनच कोणीतरी ती खाच ठेवली असावी. एएम ४ ला चारच, एएम ५ ला पाचच, आणि १७०० मध्ये बोर्डाच्या खोक्यावर लिहिले असेल ते. दोन पट्ट्या असतील तर चार जागांपैकी प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी निवडावी. शेजारी-शेजारी लावल्या तरी बहुधा पीसी चालू होतो, फक्त रॅमचा वेग पडतो. त्यामुळे ही चूक घरोघरी वर्षानुवर्षे सुखाने नांदते. रॅमच्या भावाविषयी मनाची तयारी ठेवावी. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला घेतली आणि भाव कडाडले. म्हणजे ‘एआय शिकायचंय’ म्हणून वडिलांकडून पैसे काढावेत आणि एआयमुळेच ते पुरू नयेत.

खरेदी कुठे करावी याबद्दल दोन पंथ आहेत. पहिला गावातच घेतो. तिथे ठरलेले उत्तर मिळते : ‘उद्या येईल.’ दुसरा पंथ सकाळची पंचवटी पकडतो, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड गाठतो आणि लॅमिंग्टन रोडवर फिरतो. (पत्ता विचारताना डॉ. भडकमकर मार्ग हे अधिकृत नाव घेऊ नये. लोक दवाखान्याकडे पाठवतात.) वाचवलेले पैसे टॅक्सीत आणि जेवणात जातात, पण समाधान राहते. पक्के बिल घ्यावेच. १८ टक्के जीएसटी जिवावर येतो, पण वॉरंटीच्या वेळी दुसरे काहीही ओळखले जात नाही. संध्याकाळच्या पंचवटीत कॅबिनेटचे खोके मांडीवर घेऊन बसावे. कसारा घाट चढेपर्यंत चार पासधारकांनी किंमत विचारलेली असते, आणि त्यातल्या एकाचा भाचा पुण्यात हेच काम करतो व त्याच्याकडे निम्म्यात झाले असते.

कंजूषपणा सगळे जण पॉवर सप्लायवर करतात, कारण तो दिसत नाही. ‘८० प्लस गोल्ड’ म्हणजे त्यात सोनेही नसते आणि जास्त वॅटही नसतात. भिंतीतून घेतलेली वीज तो किती कमी वाया घालवतो, एवढेच ते सांगते. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट खाते, तरी कंपनी ५५० वॅटचा सप्लाय मागते, कारण घरात बाकीची मंडळीही जेवायची असतात. आठ पिनांची केबल प्रोसेसरलाही असते आणि कार्डालाही. दोन्ही वेगळ्या. इथेही दाबून बघू नये.

कॅबिनेट निवडताना एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो हे पाहावे, कार्डाची लांबी पाहावी, आणि शेवटी टेबलाखालची जागा पाहावी, जी कोणीच पाहत नाही. समोरून जाळी आणि आत धूळ अडवणारा फिल्टर हवा. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले असताना चार पंखे आत काय ओढतील, हे सांगायला तज्ज्ञ नको.

जोडणी झाल्यावर पडदा काळा दिसला तर घाबरू नये. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लावली असणार. ती कार्डाला लावावी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असला की त्यात चित्र दाखवायची सोयच नसते. हे अक्षर घेताना स्वस्त दिसते.

राहता राहिला यूपीएस. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो. महावितरणने वीज घालवली की तो किंचाळू लागतो. त्या काही मिनिटांत उमेदवाराने पीसी रीतसर बंद करावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो मॅच संपवायला बघतो.