पेटंट शिडीला द्या, इच्छेला नको

१०० फुटांची पोहोच, टोकावर ७५० पौंड पेलायची ताकद आणि मागे एकच एक्सल. असा शिडीचा बंब अमेरिकेतल्या कुठल्या अग्निशमन प्रमुखाला नको होता? विस्कॉन्सिनच्या पियर्स कंपनीने २०१५ मध्ये तो ‘असेंडंट’ नावाने बाजारात आणला, पेटंटं मिळवली आणि २०१८ मध्ये ई-वन या प्रतिस्पर्धी कंपनीला फ्लोरिडाच्या फेडरल कोर्टात खेचलं. असे खटले बऱ्याचदा एका प्रश्नावर येऊन ठेपतात: या धंद्यातल्या सर्वसाधारण जाणकाराला हे सहज सुचलं असतं का?

‘त्यात काय मोठंसं’ म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. १०० फुटांवर ७५० पौंड म्हणजे शिडीच्या बुडाशी ७५,००० फूट-पौंडांचा, गाडी उलथवू पाहणारा जोर. शिडीचं स्वतःचं वजन वेगळंच. भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा, मग कळेल. शिडी भक्कम करावी तर ती जड होते, जड झाली की मागे दुसरा एक्सल लागतो, आणि दुसरा एक्सल आला की गाडी लांबते. लांब गाडी अरुंद रस्त्यावर वळत नाही, जुन्या फायर स्टेशनच्या दारात मावत नाही. पोलाद, शिडीची जाळी, बाजूचे आधारपाय, पाण्याची टाकी या सगळ्यांचा मेळ घालणं ही खरी अक्कल आहे. गाडी समोर उभी राहिल्यावर ती सोपी दिसते. म्हणूनच तिच्यावरून मागे वळून निवाडा करू नये.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. २००७ च्या केएसआर खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की माहितीतले भाग माहितीतल्या रीतीने जोडून अपेक्षित तेवढंच हाती येत असेल, तर तो बहुधा शोध नव्हे. लांब पोहोच आणि आखूड गाडी ही मागणी तर जुनीच. मग पेटंटमधल्या हक्काच्या दाव्यात किमान इतके फूट, किमान इतके पौंड असं लिहून काय साधतं? आकडा हे फळ आहे. संरक्षण मिळायला हवं ते फळापर्यंत नेणाऱ्या रचनेला.

माझ्या मते परीक्षकांनी आणि न्यायाधीशांनी प्रत्येक दावा एका कसोटीवर घासावा. दुसऱ्या कुणी वेगळ्या रचनेने तीच पोहोच गाठली, तर हा दावा त्याला अडवतो का? अडवत असेल, तर तो दावा शोधावर नाही, सगळ्यांच्याच गरजेवर हक्क सांगतो. आणि ती गरज साऱ्या धंद्याला आधीपासून ठाऊक होती. असा दावा कापा. रचनेचा दावा मात्र अर्जापासून २० वर्षं डोळ्यांत तेल घालून जपा.

बंब बनवणारे मोठे कारखाने अमेरिकेत मोजकेच आहेत. त्यातला एक जरी फाजील दाव्यापायी निविदेतून बाहेर पडला, तर वाढीव किंमत शहराचे करदाते मोजतात, आणि नवी शिडी येईपर्यंत जवान जुन्याच शिडीवर चढतात.