बटणाची शेगडी

चुलीला बटण लागलं की ती पुरुषांच्या ताब्यात जाते. हा नियम मी कुठे वाचलेला नाही, घरीच पाहिला. लग्न झाल्यापासून ह्यांनी चुलीकडे, मग स्टोव्हकडे, मग गॅसकडे ढुंकून पाहिलं असेल तर ते "चहा झाला का?" विचारण्यापुरतं. सिलिंडर संपलं की "अगं, गॅस गेला वाटतं" अशी मलाच बातमी देऊन ते पेपर उघडायचे. पण मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका प्रदर्शनातून ही पेलेटची शेगडी घरी आली आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला हा माणूस पहाटे पाचला गजराशिवाय उठू लागला.

पेलेट म्हणजे भुसा, तूस, शेंगांची टरफलं असला माल वाळवून, दळून, पोलादी साच्याच्या भोकांतून जबर दाबाने काढलेल्या कांड्या. करंगळीहून बारीक. त्यात डिंक-बिंक काही घालावं लागत नाही. लाकडात मुळातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो. दाबाने तापला की तो मऊ होतो आणि निवला की सगळं घट्ट धरून ठेवतो. हे सगळं ह्यांनी सासूबाईंना उभ्याने समजावून सांगितलं. सासूबाईंनी पोत्यात हात घातला, मूठभर कांड्या डोळ्यांजवळ नेल्या, हुंगल्या आणि विचारलं, "बकरीच्या लेंड्या कितीले आनल्या बाबू?"

ह्यांनी भाव सांगितला. त्यावर सासूबाई पुष्कळ बोलल्या. छापण्याजोगं तेवढं सांगते. त्यांच्या माहेरी, मोहाडीकडे, धान भरडून आणलं की तूस घरी फुकट यायचं आणि ठेवायला जागा नाही म्हणून शिव्या खायचं. तेच तूस आता पोत्यात भरून, शिलाई मारून, पैसे देऊन आणायचं, याला त्यांच्या लेखी एकच शब्द होता. तो लिहीत नाही.

सासूबाईंचा हिशेब चूक नव्हता. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूसच असतं. आमच्या भंडाऱ्यात राईस मिल मोजायला बसलं तर दिवस जाईल, आणि प्रत्येकीच्या मागे तुसाचा डोंगर. भंडारा चिन्नोरला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी तांदळाचा सुवास वाखाणला, तुसाचं कोणी नाव काढलं नाही. उष्णा तांदूळ करणाऱ्या मिल ते बॉयलरला घालतात, काही वीटभट्टीवर जातं, आणि वारा सुटला की राहिलेलं आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर येतं. 2021 पासून तर कोळशाच्या वीजकेंद्रांनाही कोळशात थोडे पेलेट मिसळायचा सरकारी आदेश आहे. नागपूरला जाताना मौद्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या की ह्यांचा चेहरा खुलतो. "म्हणजे आपल्या तुसाची वीज होणार, त्या विजेवर आपल्या शेगडीचा पंखा चालणार आणि तो पंखा आपलं तूस जाळणार," असं ते म्हणतात. हे वर्तुळ पुरं व्हायला एकच अडचण आहे. भंडाऱ्यात वीज जाते.

त्या अडचणीकडे येतेच. आधी खानदान सांगते, कारण ह्यांना कुणी शेगडीबद्दल विचारलं की सुरुवात तिथूनच होते. घर गरम ठेवणारी पेलेटची शेगडी 1980च्या दशकात अमेरिकेत जेरी व्हिटफील्ड नावाच्या माणसाने केली. तो बोइंग कंपनीत विमानांचा इंजिनियर होता. विमान सोडून शेगडीकडे वळणारा पुरुष जगात आहे हे कळल्यावर आमच्या ह्यांना कोण आधार वाटला! आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बीपी या तेल कंपनीबरोबर 'ऊर्जा' नावाची स्वयंपाकाची शेगडी केली. बुडाशी छोटा पंखा आणि इंधन म्हणून पेलेट. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने तो धंदा हाती घेतला. महाराष्ट्र-कर्नाटकात मिळून चार लाखांच्या आसपास शेगड्या खपल्या. मग कारखान्यांच्या बॉयलरलाही तोच शेतातला कचरा हवासा झाला, कच्च्या मालाचा भाव चढला, त्यामागे पेलेटचा चढला, आणि घरच्या बायकांनी निमूटपणे शेगडी माळ्यावर टाकली. कंपनी हॉटेलांकडे वळली. शेगडीत खोट नव्हती, बाई हिशेबात पक्की होती, एवढंच. ही गोष्ट सांगताना हे शेवटचा भाग जरा घाईने सांगतात.

आमच्या शेगडीला जागा मिळाली सांदवाडीत, पत्र्याच्या छपराखाली, तीन बाजू मोकळ्या. तिचं काम आंघोळीचं पाणी तापवणं. भंडाऱ्यासारख्या पितळनगरीत राहून पाणी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात तापवणं बरं दिसत नाही म्हणून माझ्या लग्नातला पितळी गुंड माळ्यावरून खाली आला.

पेटवण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. चूल आपण खालून पेटवतो, ही वरून पेटवायची. पेलेट भरायचे ते आतल्या वरच्या भोकांच्या रांगेच्या खालपर्यंतच. वरच्या थराला आग लावली की ती हळूहळू खाली उतरते. पंख्याची थोडी हवा बुडातून जाते, तेवढ्यावर पेलेटचा धूर, म्हणजे जळाऊ वायू, निघतो. उरलेली हवा वरच्या भोकांतून येऊन तो वायू जाळते. धूर जळून जातो, आग स्वच्छ होते. सकाळच्या अंधारात त्या भोकांतून निघणाऱ्या ज्वाळा खरंच देखण्या दिसतात, हे मी मान्य करते. देवघरातला कापूर मात्र भराभर संपू लागला. रॉकेल आता रेशनवर दिसत नाही, आणि दिसलं तरी पेटत्या शेगडीवर रॉकेल ओतणं म्हणजे भुवया दान करणं. म्हणून ह्यांनी कापराच्या वड्या मुक्रर केल्या. आरतीला उभं राहिलं की डबी रिकामी. सासूबाई देवाला म्हणायच्या, "तुमचा कापूर सांदवाडीत गेला जी, तिकडेच दर्शन घ्या."

शेगडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत 'करू नका' ची यादी 'करा' पेक्षा लांब होती. ह्यांनी ती लॅमिनेट करून खांबाला टांगली. मध्येच वरून पेलेट घालू नका, कारण आग दबते आणि धूर होतो. पाणी टाकून विझवू नका, कारण तापलेलं लोखंड तडकतं आणि वाफेबरोबर निखारे उडतात, त्यापेक्षा वाळूची बादली जवळ ठेवा. नायलॉनचा पदर शेगडीजवळ नेऊ नका. हे शेवटचं कलम ह्यांनी माझ्याकडे पाहत मोठ्याने वाचलं. मी चुलीपुढे, स्टोव्हपुढे आणि गॅसपुढे अर्धं आयुष्य पदर खोचून काढलं, तेव्हा हे कलम वाचायला कोणी आलं नव्हतं.

आणि एक रजिस्टर सुरू झालं. शासकीय सेवा अंगात भिनली की निवृत्तीनेही उतरत नाही. तारीख, पेटवण्याची वेळ, पेलेटचं वजन, पाणी तापण्याची वेळ, आणि शेवटचा रकाना शेरा. शेऱ्यात 'ज्वाला समाधानकारक' किंवा 'कार्यवाही प्रलंबित'. प्रलंबित म्हणजे वीज गेली.

वीज गेली की पंखा थांबतो. पंखा थांबला की निळसर ज्वाळा पिवळी होते, मग विझते, मग पेलेट नुसते धुमसतात आणि आपलं जुनं ओळखीचं धुराचं राज्य परत येतं. एका पहाटे भरथंडीत हे झालं तेव्हा ह्यांनी पेपरची घडी घेऊन वारा घालायला सुरुवात केली. डोळे लाल, नाकातून पाणी. सासूबाई शाल गुंडाळून पाहत उभ्या होत्या. "फुंकनी देऊ का बाबू?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा होता की माया, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांनी बॅटरी आणली. बॅटरीसाठी चार्जर आला. चार्जरसाठी सांदवाडीत प्लग पॉइंट आला. तूस फुकट असायचं तो काळ मला उगाचच आठवला.

बाकी सगळं हसण्यावारी नेलं तरी एका बाबतीत मी ह्यांच्या लॅमिनेट केलेल्या कागदाच्या बाजूने उभी राहिले. शेजारचे भाऊजी एका रात्री म्हणाले, "एवढी चांगली आग आहे तर शेगडी खोलीत घ्या न जी, दार लावून मस्त ऊब घ्या." अमेरिकेतल्या शेगडीला धूर बाहेर नेणारा पाइप असतो, तोही वरचेवर झाडावा लागतो. आमच्या शेगडीला तो नाही. अर्धवट जळलेल्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. माणसाला आधी डोकेदुखी वाटते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून उठणं होत नाही. खोलीत शेगडी घेऊन, दार-खिडक्या लावून झोपलेल्यांची बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतेच. धूर दिसत नाही म्हणजे विष नाही, असं नसतं. हे मी भाऊजींना जरा जास्तच जोरात सांगितलं असावं. ते दोन दिवस आमच्याकडे आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी तापताना बघायला आले, कारण तोवर आमची सांदवाडी ही गल्लीतल्या पुरुषांची सभा झाली होती.

हा प्रकार समजून घ्यायला मला वेळ लागला. मी चूल पेटवायचे तेव्हा एकही पुरुष बघायला येत नसे. आता रोज पहाटे चार-पाच मफलर शेगडीभोवती उभे. पंख्याचा वेग किती ठेवावा यावर मतभेद. एकजण म्हणे जास्त ठेवा, दुसरा म्हणे जास्त ठेवला तर आग भांड्याबाहेर जाते आणि पेलेट फुकट जातात. दुसऱ्याचं बरोबर होतं, पण त्याने ते शेती खात्यातल्या एका साहेबाच्या हवाल्याने सांगितलं म्हणून कोणी ऐकलं नाही. चहा मात्र गॅसवर व्हायचा, आत, आणि तो कोण करायचं हे सांगायला नको.

मग राखेचं प्रकरण. पहिलं पोतं लाकडाच्या भुशाच्या पेलेटचं होतं, त्याची राख चिमूटभर. ते संपल्यावर ह्यांनी स्वस्त म्हणून तुसाचे पेलेट आणले. तुसाच्या वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाची राखच होते, आणि ती राख बहुतेक सगळी सिलिका, म्हणजे वाळूची बहीण. पेलेट जळून जातो तरी कांडीचा आकार तसाच राहतो. वरून बघणाऱ्याला वाटावं, हे तर अजून पेटलंच नाही! ज्या मालात तणस मिसळलेली असते त्यात पोटॅश जास्त, मग राख वितळून तळाला खंगर धरतो आणि हवेची भोकं बुजतात. त्यासाठी ह्यांनी जुन्या सायकलच्या स्पोकचा आकडा केला. रोज गार शेगडी उलटी करून भोकं मोकळी करायची, पंख्याच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढायची, हे ते अंगात जुना सदरा चढवून तासभर करतात. राख वरून गार दिसली तरी पोटात निखारा दिवसभर जिवंत राहू शकतो, म्हणून ती प्लास्टिकच्या बादलीत नाही, झाकणाच्या लोखंडी डब्यात. हे त्यांनी मला शिकवलं. प्लास्टिकच्या बादलीला पडलेलं भोक त्याआधीचं.

पावसाळ्यात सगळं थांबलं. पेलेट कोरडे असावे लागतात, दहा टक्क्यांच्या आत ओल. आषाढातल्या हवेने पोत्यातल्या कांड्या फुगल्या, सुटल्या आणि पुन्हा भुसा झाल्या. कारखान्याने एवढा दाब देऊन जे केलं ते वैनगंगेवरून आलेल्या वाऱ्याने एका पंधरवड्यात परत केलं. तेव्हापासून पोती ड्रममध्ये, ड्रम फळीवर, फळी विटांवर. एवढी काळजी आमच्या घरी चिन्नोरचीही घेतली जात नाही.

दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले. गावोगावच्या मंडईची जत्रा, दंडारीचे खेळ, आणि प्रत्येक घरी पाहुणे. आमच्याकडेही साकोलीचे पाहुणे उतरले. दहा माणसांचं पाणी शेगडीने बिनधूर तापवलं. ह्यांनी प्रत्येकाला अंघोळीआधी दाखवली आणि अंघोळीनंतर समजावली. पाहुण्यांपैकी एक वहिनी तिच्यावर खूश झाल्या. "मी शिकते जी भाऊजी, मले पेटवून दाखवा," म्हणाल्या. हे घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? ते जरा टेक्निकल आहे. साकोलीला आलो की दादांना शिकवीन."

मी तिथेच बसून गुंड घासत होते. सांदवाडीतल्या राखेने आणि चिंचेने पितळ लख्ख निघतं, सिलिका असल्यामुळे असेल. शेगडीची राख काढणं हे मेंटेनन्स. त्याच राखेने गुंड घासणं ही भांडी. ही विभागणी आमच्या घरी कोणी केली नाही, ती आपोआप झाली, आणि रजिस्टरमध्ये तिला रकाना नाही.

सासूबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"बाबू, त्या गुंडाले बी एक बटन लावून दे."

"गुंडाला कशाला बटण, आई?"

"म्हंजे उद्यापासून तू घासशील."