पेटीचा क्लास

"काय गं, त्या दिवशी तिन्हीसांजेला तुमच्या बाजूला कसला गलका होता? मला वाटलं टेशनात गाडी घसरली."

"नाही हो जिजी, पलीकडच्या ताईंनी पेटीचा क्लास काढलाय. पोरं आली ती कॅसिओ घेऊन. कुणाच्या बापानं धुळ्याहून आणलाय, कुणाच्या मामानं सुरतेहून. सगळ्यांना डेमोचं बटण सापडलं आणि एकदम आठ गाणी सुरू!"

"व माय! मग?"

"ताईंनी सगळ्यांचे अ‍ॅडॅप्टर काढून डब्यात टाकले. सेल कुणीच घातले नव्हते, महाग पडतात ना. मग मधे एकच पेटी ठेवली. एकानं वाजवायची, बाकीच्यांनी टाळी देत सारेगम म्हणायचं. वाजवणाऱ्याचा ध चुकला की म्हणणारे आपसूक अडखळतात. ताईंना बोलावंच लागत नाही."

"आठ पोरांत एक पेटी? फी तर पुरी घेते ना?"

"हेच त्या मेनरोडवाल्या वहिनी म्हणाल्या. वर, 'आमच्या पोरीचा आवाज काळी चारचा, तुम्ही तिला पांढरी एकमध्ये का बसवता?' अहो, पांढरी एक धरली की शुद्ध सूर सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, नवख्याला सोपं जातं. पण त्यांना गांधर्वची परीक्षा हवी, तीही प्रारंभिक सोडून थेट प्रवेशिका!"

"पोरगी वाजवते तरी का?"

"एका बोटानं टोचते, कोंबडी दाणे टिपते तशी. सा-रे-ग तीन बोटांनी झालं की म ला अंगठा खालून सरकवायचा, म्हणजे वरच्या सा पर्यंत बोटं पुरतात. ती तिथंच हात उचलते आणि लय सांडते. ताई नुसतं 'अंगठा!' म्हणतात. आता घरात कुणीही हात धुताना दिसलं तरी तिचा धाकटा भाऊ 'अंगठा!' ओरडतो."

"आमच्या मामंजींनी भजनात जन्मभर वाजवली, त्यांना कुणी अंगठा नाही सांगितला. हे असलं विलायती."

"पेटीच विलायती, जिजी! फ्रान्समधली. पायानं भाता मारायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हातभात्याची केली, म्हणून तुमच्या मामंजींना मांडी घालून वाजवता आली. रेडिओवर तर 1940 पासून 1971 पर्यंत तिला बंदी होती."

"रेडिओला कोण विचारतं? आमच्याकडे सप्ताहाला रोज वाजायची."

"तेच म्हणते. कानबाईच्या सणाच्या रोटांपर्यंत पोरांकडून एक गाणं बसवायचं म्हणतात ताई. तुमच्या नातवाला पाठवा की."

"त्याला कॅसिओ घ्यावा लागेल."

"घेऊ नका. मामंजींची पेटी माळ्यावर आहे ना? ताई दुसरी पेटी शोधतायत."

"आहे खरी. पण मागच्या दिवाळीला तिच्यातून उंदराची पिल्लं निघाली होती. भाता बघावा लागेल."