जुन्या सर्व्हरचा राज्याभिषेक

ज्या शहराच्या शिवाजी उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या तेलइंजिने जुळवली गेली, तेथील माणसाला कोणतेही यंत्र मृत झाल्याचे सहसा मान्य नसते. म्हणूनच एखाद्या कचेरीच्या लिलावात वजनावर विकला गेलेला सन मायक्रोसिस्टिम्सचा सर्व्हर कोल्हापुरातील कोणा हौशी गृहस्थाच्या माडीवर चढावा आणि मूळची सोलॅरिस ही कार्यप्रणाली पदच्युत करून तेथे नेटबीएसडीस राज्याभिषेक करण्याचा संकल्प सुटावा, यात नवल नाही. कोल्हापूर संस्थान 1949 साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तशी ही कंपनीही 2010 साली ओरॅकलमध्ये विलीन झाली. फरक इतकाच, की संस्थानचे मोडी दप्तर पुरालेखागारात अभ्यासकास पाहावयास मिळते, आणि या यंत्रांच्या फर्मवेअरची दुरुस्ती मात्र सेवाकराराची सनद दाखविल्याविना मिळत नाही.

त्यातच, या घराण्यातील अनेक यंत्रांचा नेटवर्कमधील पत्ता ज्या चिपमध्ये नोंदलेला असतो, तिची बॅटरी त्याच चिपच्या उदरात कायमची बंदिस्त असल्याने, ती निवर्तताच यंत्रास आत्मविस्मृती होते. मग पंख्यांच्या कर्णभेदक गर्जनेत मालकाने कळफलकापुढे बसून त्यास त्याच्या ओळखीचा दाखला स्वहस्ते पुन्हा लिहून द्यावयाचा, अथवा चिप कोरून बाहेरून नाण्याएवढी बॅटरी जोडावयाची! इतके सव्यापसव्य उरकून जे राज्य स्थापन होते, त्याचा सारा कारभार खिशातील मोबाईलही सहज हाकू शकतो.

विजेचे बिल मात्र चालू दरानेच येते.