सत्तेचाळीसचा बर्फ

त्यांना पत्ता विचारू नये. "स्टेशनवरून डावीकडे वळा, लोहाराचं दुकान सोडलं की पोस्ट," असं ते बिनदिक्कत सांगतात. ग्लॉस्टरशरमधल्या आमच्या या गावाचं स्टेशन 1963 च्या बीचिंग अहवालानंतर बंद पडलं. लोहाराच्या दुकानात आता शनिवार-रविवारपुरतं लंडनहून येणारं एक जोडपं राहतं आणि पोस्ट म्हणजे गावच्या हॉलमध्ये अधूनमधून मांडलं जाणारं एक टेबल. नवखा माणूस बिचारा रूळ शोधत हिंडतो.

असा एक म्हातारा इंग्लंडच्या खेड्यात गल्लीगणिक असतोच. आमच्या वाट्याला आलेले भिंतीपलीकडे राहतात. वय ऐंशी, डोक्यावर चपटी टोपी, कोटाच्या खिशात सुतळीचे तुकडे. सुतळी टाकून देणं त्यांच्या धर्मात बसत नाही. ऑगस्टमध्ये रनर बीन्सच्या शेंगा उतू जायला लागल्या की पहाटे आमच्या पायरीवर पिशवी ठेवून पसार होतात. परत करायची सोयच नाही.

"आमच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं," ही त्यांची नांदी. मग त्या नसलेल्या गोष्टींची यादी सुरू होते, आणि ती आपल्या घरात असलेल्या गोष्टींपेक्षा लांब निघते. नळ अंगणात. संडास बागेच्या पार टोकाला, आत खिळ्याला अडकवलेले वर्तमानपत्राचे चौकोन. शनिवारी रात्री शेकोटीपुढे पत्र्याचा टब यायचा. त्यात आधी वडील, मग आई, मग वयाप्रमाणे मुलं, पाणी सगळ्यांना एकच. हे शेंडेफळ. "माझी पाळी येईपर्यंत त्यात बटाटे लावता आले असते!" रविवारी भाजलेलं मांस, सोमवारी आईचा धुण्याचा दिवस म्हणून तेच मांस गार. सोमवारी घरभर वाफ, आणि आईच्या वाटेला जायची वडिलांचीही छाती नव्हती.

यावर आपण हळहळलो तर ते रागावतात. "अहो, मजेत होतो आम्ही!" बरं, "वा, काय मजा!" म्हणावं तर त्याहून रागावतात. "मजा? जानेवारीत त्या संडासात जाऊन या एकदा!" त्यांच्या गरिबीवर दुसऱ्या कुणी हक्क सांगितलेला त्यांना खपत नाही. माझ्या सासूबाई भोरहून आल्या होत्या, तेव्हा त्यांनी नदीवरून आणायच्या पाण्याचा आणि कंदिलाचा विषय काढला. मी दुभाषा. म्हातारबुवा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण तुमच्याकडे बर्फ नव्हता."

बर्फ म्हणजे 1947 चा. कुंपणं बुडाली होती, वडिलांनी दारापासून कोळशाच्या खोपीपर्यंत बोगदा खणला होता आणि हे थोरल्या भावाचे बूट घालून शाळेत गेले होते. ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की बोगद्यात मीही फावडं मारून आलोय असं वाटतं. दर रविवारी त्यांच्या मोठ्या बहिणीचा फोन येतो. ऐकू कमी येतं म्हणून तो स्पीकरवर असतो आणि अर्धी गल्ली ऐकते. "बूट कसले? तू तेव्हा धड चालतही नव्हतास!"

राणीच्या राज्याभिषेकाचंही तेच. 2 जून 1953 ला टीव्ही पाहायला सगळा गाव पाद्रीसाहेबांकडे लोटला, असं हे म्हणतात. बहीण म्हणते, खाटकाकडे. बाहेर पाऊस होता, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन उठलं. ही हकीकत ते हळू आवाजात सांगतात, मीठमसाला न लावता. दुकानदारीणबाईंनी तागडीत टॉफी ओतली, कूपन मागितलं नाही. तागडी खाली गेली तरी बाई ओततच राहिल्या. जन्मापासून मोजूनमापून खाल्लेला सात वर्षांचा पोरगा ती अख्खी पुडी एका बैठकीत संपवतो आणि चर्चच्या भिंतीवर ओकतो.

"भिंतीवर नाही," फोनमधून आवाज आला. "माझ्या कोटावर."

तुमच्याकडेही असे कुणी असतीलच. त्यांची थोरली बहीण हयात असेल तर तिचा नंबर घेऊन ठेवा. खरं काय घडलं ते तिला विचारा. ऐकायला मात्र यांच्याकडेच बसा.