मद्यार्काभावमीमांसा

कृष्णा नदी महाबळेश्वरी उगम पावून वाईस येते तेव्हा तिच्या काठी तर्कशास्त्राच्या अध्ययनाची परंपरा आढळते. तीच नदी पुढे कऱ्हाडास कोयनेला मिळून सांगली जिल्ह्यात पलूसच्या शिवाराजवळून वाहू लागते तेव्हा त्या परिसरात वाइनचे उत्पादन आढळते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे नैयायिक घडविले. धर्मकोशाचे संपादन तेथेच झाले आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालयही त्याच गावी स्थिरावले. पलूस येथे राज्याच्या २००१ सालच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाचे फलित म्हणून औद्योगिक विकास महामंडळाचे ‘कृष्णा वाइन पार्क’ आले. एकाच नदीच्या वरल्या अंगास तर्क आणि खालच्या अंगास द्रव अशी ही अपूर्व रचना असताना या दोहोंचा शास्त्रीय संबंध आजवर कोणी जोडू नये, ही मराठी विद्वत्तेची अक्षम्य हेळसांड होय. प्रस्तुत निबंधात ती दूर करण्याचे योजिले आहे.

विषय असा. वाइन दोन प्रकारची मिळते: मद्यार्कसहित व मद्यार्करहित. या दोहोंत भेद कोणता? ‘एक चढते, दुसरी चढत नाही’ हे लौकिक उत्तर शास्त्रास मान्य होण्याजोगे नाही. चार पेल्यांनंतरही ज्यांस चढत नाही असे इसम तासगाव, मिरज व कोरेगाव या तिन्ही तालुक्यांत विद्यमान आहेत. त्यांच्या ठायी हे लक्षण अव्याप्तिदोषाने ग्रस्त होते. उलटपक्षी, मद्यार्करहित वाइन पिऊनही केवळ बाटलीच्या आकारामुळे ज्यांस चढते असाही एक वर्ग आहे. तेव्हा लक्षण अन्यत्र शोधले पाहिजे.

ते वैशेषिकांकडे सापडते. त्यांनी अभाव हा द्रव्य-गुणांच्या पंक्तीस बसणारा सातवा पदार्थ मानला व त्याचे चार प्रकार सांगितले. बाटलीत काय आहे हे सांगणे रसायनशास्त्राचे काम. बाटलीत काय नाही, आणि जे नाही ते कोणत्या रीतीने नाही, हे सांगणे आमच्या शास्त्राचे.

१. मद्यार्काचा अत्यंताभाव. भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळी ज्यात मद्यार्क नाही ते पेय. उदाहरण: पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यातील स्ट्रॉबेरी क्रश थंड पाण्यात कालवून उंच दांडीच्या ग्लासात दिले असता. रंग लाल, ग्लास योग्य, फोटोत भेद दिसत नाही. या प्रकाराविषयी कोणताही वाद नसल्यामुळे विद्वानांस त्यात रस नाही.

२. मद्यार्काचा प्रागभाव. जो अद्याप उत्पन्न व्हावयाचा आहे त्याचा अभाव. हा अनादी असतो, पण त्याला अंत असतो. ताज्या द्राक्षरसात तो दिसतो. त्याहून शुद्ध स्वरूपात नीरेत दिसतो. शिंदीच्या झाडाला रात्री आतून चुना लावलेले मडके बांधतात, सूर्योदयापूर्वी उतरवितात आणि बर्फात ठेवून विकतात. चुन्यात किंवा बर्फात हयगय झाली की प्रागभाव संपून ताडीचा भाव सुरू होतो. ऊन वर येत असता नीरेच्या केंद्रावर घाईने ग्लास रिकामा करणारा मनुष्य वस्तुतः एका तत्त्वशास्त्रीय मुदतीशी झुंजत असतो, याची त्यास जाणीव नसते.

या प्रकारातील गहन समस्या अमेरिकेत उद्भवली. थॉमस वेल्च नामक दंतवैद्याने १८६९ साली न्यू जर्सीमधील व्हाइनलँड येथे चर्चमधील प्रसादविधीसाठी द्राक्षरस बाटलीत भरून तापविला आणि त्यातील किण्व मारून टाकले. तो रस ‘न आंबलेली वाइन’ म्हणून विकला जाऊ लागला. ज्या प्रागभावास अंत असलाच पाहिजे त्याचा अंत दंतवैद्याने रोखून धरला. मग त्यास प्रागभाव म्हणावे कसे? ‘स्थगितप्रागभाव’ असा पोटप्रकार कल्पून प्रस्तुत लेखकाने मार्ग काढला आहे. त्याहून बरा मार्ग कोणास सुचल्यास तो स्वागतार्ह आहे.

३. मद्यार्काचा अन्योन्याभाव. घट हा पट नव्हे, या स्वरूपाचा भेद. हा प्रकार वाइनच्या संदर्भात प्रथम मंत्रालयात प्रतिपादिला गेला. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी द्राक्ष बागायतदारांच्या हिताचा दाखला देण्यात आला आणि वाइन ही दारू नव्हे, असाही सिद्धांत मांडला गेला. येथे मद्यार्क वाइनमध्ये राहतो. केवळ ‘दारू’ हा धर्म तिच्यापासून वेगळा होतो. कोणतेही यंत्र न वापरता केवळ वाक्याने वाइन निर्मद्य करण्याची ही जगातील सर्वांत स्वस्त पद्धती होय. साताऱ्यात वारकरी मंडळींनी रस्त्यावर येऊन हे मत खोडून काढले. १९४९ चा दारूबंदी कायदाही त्यांच्याच पक्षाला होता, कारण त्याच्या व्याख्येत वाइन, बिअर, ताडी आणि मद्यार्क असलेला कोणताही द्रव येतो. त्याच कायद्याखाली विदेशी मद्य पिण्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांस व देशीचा २ रुपयांस मिळत आला आहे. अन्योन्याभावासाठी वेगळा दर नाही. निर्णय अमलात आला नाही. सिद्धांत मात्र अबाधित आहे, व सांजवेळी तो अनेकांच्या तोंडी ऐकू येतो.

४. मद्यार्काचा प्रध्वंसाभाव. खरी मद्यार्करहित वाइन ती हीच. येथे द्राक्षे चिरडतात, किण्वन होते, मद्यार्क रीतसर जन्म घेतो, वाइन परिपूर्ण वाइन होते. आणि त्यानंतर तिच्यातून तो काढून घेतला जातो. या अभावास आरंभ आहे, पण अंत नाही. द्राक्षरसाला मद्यार्क ठाऊकच नसतो. हिला तो ठाऊक होता. चाखणारास जो एक पोकळपणा जाणवतो त्याचे मूळ येथे आहे.

या क्रियेचे जनक ऱ्हाइन नदीकाठच्या रूडेसहाइम गावचे कार्ल युंग. त्यांनी १९०८ साली तिचे पेटंट घेतले. स्वित्झर्लंडच्या मनोविश्लेषक युंग यांच्याशी त्यांचा घोटाळा करू नये. साध्या दाबाखाली मद्यार्क ७८ अंशांच्या आसपास उकळतो आणि तेवढ्या आचेवर वाइनचा काढा होतो. म्हणून पात्रातील हवा उपसून घेतात; मग सुमारे ३० अंशांवरच मद्यार्क वाफ होऊन निघून जातो. सांगलीत एप्रिलमध्ये सावलीलाही याहून अधिक उष्मा असतो, हे ध्यानी घेता निर्वात पात्राखेरीज या उद्योगास सांगलीत फारसे इंधन लागू नये. दुसरी पद्धत उलट परासरणाची. घरातील पाण्याच्या आरओ यंत्राचेच ते तत्त्व. तिसरी पद्धत फिरत्या शंकूंच्या स्तंभाची. तीत गंध सर्वांआधी निसटतो. त्यास बाजूस बसवून ठेवतात आणि मद्यार्काची रवानगी झाल्यावर परत आत घेतात. परतलेल्या गंधाला पूर्वीचे घर ओळखू येत नाही, अशी जाणकारांची तक्रार आहे व ती अनाठायी नाही.

‘पूर्वी मद्यार्क असून आता नसलेला द्राक्षद्रव’ एवढेच लक्षण केल्यास ते सिरक्यावर अतिव्याप्त होते. उघडी राहिलेली वाइन हवेतील जिवाणूंच्या कृपेने आंबट होते व तिच्यातील मद्यार्काचे अॅसेटिक आम्ल बनते, तोही प्रध्वंसच. तेव्हा ‘कांद्याच्या कोशिंबिरीत न घालता पिता येण्याजोगा असून’ हे विशेषण जोडणे अवश्य आहे. याउपर एक सूक्ष्म वाद उरतो. युरोपीय संघाच्या २०२१ सालच्या नियमाप्रमाणे ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क उरला तरी वाइन निर्मद्यच समजतात. ‘निःशेषवादी’ म्हणतात की थोडासा मद्यार्क उरलेला अभाव हा अभावच नव्हे. ‘किंचिद्वादी’ म्हणतात की पिकून काळ्या पडलेल्या केळ्यातही मद्यार्काचा अंश असतो, आणि केळ्यावर आजवर कोणी मोर्चा नेलेला नाही. प्रस्तुत लेखकाचा कल किंचिद्वाद्यांकडे आहे.

तासगावच्या बेदाणावाद्यांचा पक्ष येथे नोंदविला पाहिजे, मात्र त्यात गुंतून पडण्याचे कारण नाही. त्यांच्या मते द्राक्षातून काही काढावयाचेच असेल तर पाणी काढावे. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो खाऊन मोटारसायकल चालवता येते. हे सर्व खरे आहे. परंतु तो द्रव नसल्यामुळे प्रस्तुत शास्त्राच्या कक्षेबाहेर पडतो.

५. अभावाभास. हा चौकटीबाहेरचा प्रकार असून महाराष्ट्रात तोच सर्वाधिक प्रचलित आहे. यात मद्यार्क असतो, पण तो नाही अशी सर्वांची दृढ प्रतीती असते. द्राक्षासव धायटीच्या फुलांनी आंबवितात. त्यात स्वयंजनित मद्यार्क असतो, साधारणतः ५ ते १० टक्के, आणि तसे लेबलावर छापलेलेही असते. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून. वाइनचे नाव निघताच कानांवर हात ठेवणाऱ्या घरात ही बाटली देव्हाऱ्याजवळच्या फडताळात असते, आणि मात्रा चुकल्यास आजी विचारतात, “आज घेतलं नाहीस का रे?”

आता लक्षणभेद. सहित वाइन ग्लासात फिरवून स्थिर केली की काचेवर चढलेला पातळ थर थेंबाथेंबांनी ओघळू लागतो. यास वाइनचे अश्रू म्हणतात. मद्यार्क पाण्याहून लवकर उडून गेल्याने थराचा पृष्ठताण वाढतो व द्रव वर ओढला जातो, हे जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्ये स्पष्ट केले. रहित वाइन रडत नाही; फिरवली तर काच ओली होते आणि सुकते. दुसरे लक्षण दाह. घशातून खाली उतरणारी ऊब रहित वाइनमध्ये नसल्यामुळे आम्ल व तुरटपणा उघडे पडतात, आणि ते झाकण्यासाठी अनेकदा साखर घालावी लागते. याचा एक स्थानिक परिणाम आहे. मद्यार्क मिरचीचा तिखटपणा वाढवितो. म्हणून सांगलीचे भडंग सहित वाइनबरोबर कान लाल करते, तर रहित वाइनबरोबर सौम्य भासते. भडंगाच्या कर्त्यांना हे भूषण वाटेल की अपमान, हे त्यांच्या स्वभावावर अवलंबून आहे. तिसरे लक्षण उष्मांक: १५० मिलीच्या पेल्यातील १२ टक्के वाइनमध्ये सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे एकट्या मद्यार्काच्या सुमारे १०० कॅलरी. चौथे आयुष्य: बूच काढल्यावर रहित वाइन फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांत उतरते, कारण तिचे रक्षण करणाराच निघून गेलेला असतो.

राहिला प्रमाणांचा प्रश्न: मद्यार्क नाही, हे कळते कशाने? भाट्ट मीमांसक म्हणतात, अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने. नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच. हा वाद ग्रंथांत सुटलेला नाही. म्हणून भिलवडीकडच्या एका मळ्यात भरलेल्या रस्सा मंडळाची साक्ष येथे ग्राह्य धरली आहे. चुलीवर मटणाचा तांबडा रस्सा उकळत होता. परतीच्या वेळी जीप चालवावयाची म्हणून एका सभासदाने रहित वाइनची बाटली आणली होती. ज्येष्ठ सभासदांनी तीतील अर्धा ग्लास चाखला, थांबले, पुन्हा चाखला.

“आरं, ही चढंना की.”

“चढंल कशी? त्यातली काढून घेतल्याली असती.”

“मग आमच्या बाटलीपेक्षा पैसं जास्त कशाचं?”

“काढायचं.”

मूल्य हे भावरूप वस्तूलाच असते, ही अर्थशास्त्राची धारणा या संवादाने निकालात निघते. वैशेषिकांनी अभावास पदार्थ मानले, पण त्याची पावती फाडली गेल्याचे उदाहरण यापूर्वी उपलब्ध नव्हते.

या साक्षीतूनच वर्गणीचा व्यावहारिक प्रश्न उभा राहिला व त्यावर मंडळात तीन मते पडली. समवादी म्हणाले, रस्सा सर्वांनी सारखाच ओरपला आहे, वर्गणी सारखीच घ्यावी. भेदवादी म्हणाले, याने आपली बाटली आणली, सामुदायिक बाटलीस हात लावला नाही. त्या खर्चाचा वाटा यावर लादू नये. तिसरे मत ज्येष्ठांचे: जीप चालविणे हीच याची वर्गणी समजावी. यावर संबंधित सभासदाने डिझेलचा मुद्दा काढला, आणि चर्चा रात्री पावणेबारापर्यंत चालली. अखेरीस रश्श्याचा पूर्ण वाटा, सामुदायिक बाटलीचा शून्य, आणि भडंगाचा दीडपट, कारण ते त्यालाच सौम्य लागल्यामुळे त्यानेच जास्त खाल्ले होते, असा निर्णय होऊन तो वहीत लिहिला गेला. डिझेलचा मुद्दा पुढील बैठकीपर्यंत राखून ठेवला आहे.