दहांच्या यादीतलं अकरावं घर: जर्नलवाल्या दादांना खुलं पत्र

जर्नलवाले दादा,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. जालन्यात बी.एस्सी. केलेल्या आमच्यासारख्यांना 'जर्नलवाले दादा' एवढं पुरतं. पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची पद्धत आहे. तो मी मुद्दाम लिहिलेला नाही.

मागच्या आठवड्यात माझा धाकटा मामेभाऊ तुमच्याकडून कॉम्प्युटर सायन्सच्या प्रॅक्टिकलचं लिहून तयार असलेलं जर्नल घेऊन आला. पहिल्या वर्षाला आहे, गणित आणि कॉम्प्युटर दोन्ही घेतलंय. मी सहज चाळायला लागले आणि सातव्या प्रॅक्टिकलपाशी थांबले. बबल सॉर्ट. आतल्या लूपमध्ये जिथे 'पेक्षा लहान' हवं, तिथे 'लहान किंवा समान'. मी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि माझं जर्नल शोधलं. नऊ वर्षांपूर्वीचं, तुमच्याकडूनच घेतलेलं. तेच प्रॅक्टिकल, तीच ओळ, तीच चूक, आणि खाली प्राध्यापकांची लाल शाईतली सही.

ही चूक काय करते, ते ऐका. दहा आकडे क्रमानं लावायला सांगितलेला प्रोग्रॅम अकराव्या घरात हात घालतो. ते घर त्याचं नाहीच. तिथे मेमरीत जे पडलेलं असेल ते उचलून तो रांगेत बसवू पाहतो. कधी निभावून जातं, कधी उत्तरात भलताच आकडा येऊन बसतो. तुमच्या जर्नलातलं आउटपुट मात्र धुतल्या तांदळासारखं. म्हणजे छापलेला हा प्रोग्रॅम तुम्ही कधी चालवून पाहिलेला नाही. विकत घेणाऱ्या आम्हीही नाही, सही करणाऱ्यांनीही नाही. दरम्यान नवं शैक्षणिक धोरण आलं, मेजर-मायनर आलं, पदवी चार वर्षांची करायची सोय झाली. तुमची चूक जागची हलली नाही. पोटच्या पोरासारखी जपलीत तुम्ही तिला.

तुम्ही म्हणाल, एका चिन्हावरून एवढं कशाला? चिन्हाचं दुःख नाही, दादा. त्या चिन्हामागे जो विचार होता तो तुम्ही दीडशे रुपयांत पळवलात.

गणिताच्या तासाला आम्ही इंडक्शननं सिद्ध केलं होतं की १ ते ९९ ची बेरीज ४९५०. वहीत लिहिलं, पाठ केलं, विसरलो. तुमच्या सातव्या प्रॅक्टिकलात तीच बेरीज दडलेली होती: १०० नावं लावायला बबल सॉर्ट पहिल्या फेरीत ९९ तुलना करतो, मग ९८, मग ९७, एकूण ४९५०. यादी पीकविम्याच्या एक लाख शेतकऱ्यांची असेल तर तुलना होतात जवळपास ५०० कोटी. तेच काम मर्ज सॉर्ट १६ लाखांच्या आत उरकतो. पाचशे कोटी कुठे आणि सोळा लाख कुठे! हा फरक कॉम्प्युटर महाग घेतल्यानं पडत नाही, कागदावरच्या गणितानं पडतो. गणित आणि कॉम्प्युटर हे दोन तास एकाच विद्येचे आहेत, हे मला तीन वर्षांत कळलं नाही, कारण त्यातला एक तास मी तुमच्याकडून तयार विकत घेत होते.

चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि संगणकशास्त्र मिळून एकच ऑनर्स पदवी देतात. तिथल्या प्रवेश परीक्षेत काही उत्तरं कारणांसह लिहावी लागतात. नुसतं उत्तर बरोबर असून भागत नाही. मंठ्याच्या किंवा भोकरदनच्या मुलाला ते जमणार नाही, असं समजण्याचं काही कारण नाही. त्याला 'का' विचारायची सवय लागायला हवी, आणि तुमचा धंदा ती सवय लागण्याआधीच मोडतो.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये ६१७४ ची गंमत शोधली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, पुन्हा तेच. आपला जिल्हा १९८१ मध्ये झाला, तीच संख्या घेऊ: ९८११ वजा ११८९ म्हणजे ८६२२. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४. तिथून पुढे हलायचं नाव नाही.

हे मी मामेभावाला सांगितलं. पठ्ठ्यानं मोबाइलवरच सीमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि अशा सगळ्या ८९९१ संख्या तपासल्या. जास्तीत जास्त सात पायऱ्या. खूश झाला. मी विचारलं, "सगळ्या तपासायची गरज होती का?" मग आम्ही कागद घेतला. वजाबाकी फक्त दोन फरकांवर ठरते: सर्वांत मोठा अंक वजा सर्वांत लहान, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ नं गुणा, दुसऱ्याला ९० नं, बेरीज करा, झाली वजाबाकी. असे वेगवेगळे जोड भरतात फक्त ५४. म्हणजे ८९९१ चं काम ५४ वर आलं. रात्री साडेअकराला तो मला म्हणाला, "ताई, मग पाच अंकांना काय होतं?" मी उत्तर दिलं नाही. त्याचा प्रोग्रॅम त्याला सांगेल की तिथे एका संख्येवर थांबणं नाही, चक्रं आहेत, आणि मग तो पुन्हा कागदाकडे येईल.

मला असे प्रश्न त्या वयात पडले नाहीत, दादा. एम.एस्सी.च्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "तुमचा हा प्रोग्रॅम थांबतो कशावरून?" माझ्या जर्नलला पैकीच्या पैकी गुण होते आणि मी गप्प बसले होते.

पोरं तुमच्याकडे का येतात ते मला ठाऊक आहे. लॅबमध्ये एका मशीनवर तिघं, घरी लॅपटॉप नाही, घनसावंगीच्या एखाद्या मुलीची एसटी चुकली तर घरी जाब. सही करणाऱ्यांचा हिशेबही मी मागणार आहे, तुमच्यावर सगळं ढकलून त्यांना सोडणार नाही. पण त्या मुलीच्या अडचणीवर दुकान थाटलंत ते तुम्ही. तिच्या वडिलांनी सोयाबीन विकून भरलेली फी तिला विचार करायला शिकवण्यासाठी होती.

शनिवारी मी मामेभावाला घेऊन दुकानात येते आहे. हे जर्नल परत घ्या. पैसे नकोत, त्याऐवजी शंभर पानी कोरं द्या. आणि परत देण्याआधी सातव्या प्रॅक्टिकलातली ती ओळ तुमच्या काउंटरवर, तुमच्याच पेनानं, तो खोडणार आहे.

तुमची जुनी गिऱ्हाईक,
मंठा तालुका